३२७६८ चं गणित : सेन्सर नोडसाठी क्रिस्टल निवडताना

पीएच.डी.च्या पहिल्या दीड-दोन वर्षांत आपल्यापैकी बरेच जण एखादा तरी वायरलेस सेन्सर नोड बनवतात. विषय काहीही असो. जमिनीतला ओलावा, पुलाची कंपनं, शीतगृहातलं तापमान. एक मायक्रोकंट्रोलर, त्यातच रेडिओ, नाण्याएवढी बॅटरी आणि सिनॉप्सिसमध्ये एक ठसठशीत वाक्य: 'हा नोड एका सेलवर दोन वर्षं चालेल.' हे वाक्य खरं ठरणार की नाही यावर चर्चा होते तेव्हा प्रोसेसर, रेडिओची पॉवर, स्लीप मोड या सगळ्यांचा उल्लेख होतो. क्रिस्टलचा होत नाही. तो सामानाच्या यादीत अगदी तळाला असतो आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी जुन्या सर्किटमधून जसाच्या तसा उचललेला असतो.

या लेखात आपण फक्त त्या क्रिस्टलकडे बघू. उदाहरण म्हणून मी नॉर्डिक कंपनीची एनआरएफ५२८३२ ही चिप आणि ब्लूटूथ लो एनर्जी हा प्रोटोकॉल घेते, कारण तिचे बोर्ड सहज मिळतात आणि डेटाशीट नीट लिहिलेलं आहे. तुमची चिप वेगळी असली तरी आकडे बदलतील, हिशोबाची पद्धत तीच राहील.

आधी हे स्पष्ट करू की अशा नोडमध्ये घड्याळं दोन असतात. एक वेगवान: एनआरएफ५२ मध्ये ३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ईएसपी३२ मध्ये ४० मेगाहर्ट्झचा. रेडिओची २.४ गिगाहर्ट्झची लहर याच क्रिस्टलवरून तयार होते, त्यामुळे रेडिओ वापरायचा तर त्याला पर्याय नाही. दुसरं संथ: ३२.७६८ किलोहर्ट्झ. नोड झोपलेला असताना फक्त हेच चालू असतं आणि 'आता उठ' हे हेच सांगतं. पहिलं घड्याळ चुकलं तर रेडिओ लिंक बिघडते आणि ते लगेच लक्षात येतं. दुसरं चुकलं तर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही, फक्त बॅटरी लवकर संपते. म्हणूनच या लेखाचा मोठा भाग दुसऱ्या घड्याळावर आहे.

३२७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक टिक. हा आकडा मनगटी घड्याळांतून आला. १९६९ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आलेल्या सेइको ॲस्ट्रॉन या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळात क्रिस्टल ८१९२ हर्ट्झचा होता, म्हणजे २ चा १३ वा घात. पुढे ३२७६८ रूढ झाला. आत क्वार्ट्झचा एक इवलासा चिमटा असतो, ट्यूनिंग फोर्कच्या आकाराचा. आपल्या नदीकाठच्या गारगोट्या म्हणजे रासायनिकदृष्ट्या हेच खनिज, फक्त हा क्वार्ट्झ कारखान्यात, उच्च दाबाच्या भट्टीत वाढवलेला असतो. घड्याळांसाठी असे क्रिस्टल प्रचंड संख्येने बनतात म्हणून ते स्वस्त आहेत, आणि स्वस्त आहेत म्हणून तुमच्या नोडमध्ये आहेत.

पीपीएमचे मायक्रोअँपिअर होतात तेव्हा

पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती चूक. २० पीपीएम म्हणजे दर सेकंदाला २० मायक्रोसेकंद, दिवसाला १.७ सेकंद. मनगटावर हे चालतं. महिन्याला मिनिटभर पुढे-मागे झालं तर कोण बघतंय? पण दोन रेडिओंनी एकमेकांशी 'बरोबर एका सेकंदाने भेटू' असं ठरवलेलं असेल तर?

ब्लूटूथच्या कनेक्शनमध्ये नेमकं हेच असतं. गेटवे किंवा फोन ठरलेल्या वेळी पॅकेट पाठवतो, तुमचा नोड त्याच वेळी उठून ऐकतो. दोघांची घड्याळं थोडी चुकणार हे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून नोडने ठरल्या वेळेच्या आधी रिसीव्हर उघडायचा आणि नंतरही थोडा वेळ उघडा ठेवायचा. किती आधी? गेटवेची जाहीर चूक अधिक नोडची जाहीर चूक, दोन्ही पीपीएममध्ये, गुणिले शेवटच्या भेटीपासूनचा वेळ. त्यावर १६ मायक्रोसेकंदांची ठरावीक सूट. याला विंडो वाइडनिंग म्हणतात. झोपेच्या घड्याळाची चूक जास्तीत जास्त ५०० पीपीएम असू शकते, असं मानक सांगतं.

आता हिशोब करू. गेटवे ५० पीपीएमचा धरा. नोडवर बाहेरचा क्रिस्टल न लावता चिपमधला आरसी ऑसिलेटर वापरला. डेटाशीटनुसार तो वेळोवेळी कॅलिब्रेट केल्यावर ±५०० पीपीएममध्ये राहतो. बेरीज ५५०. दर सेकंदाला एक भेट असेल तर नोड दर वेळी ५५० मायक्रोसेकंद आधी उठून नुसता ऐकत बसणार. रिसीव्हर सुमारे ५.४ मिलिअँपिअर घेतो. ५५० मायक्रोसेकंद गुणिले ५.४ मिलिअँपिअर म्हणजे सेकंदाला साधारण ३ मायक्रोकूलोम. सरासरी ३ मायक्रोअँपिअर.

भेट चार सेकंदांनी ठेवली तर? उठणं चौपट आधी, म्हणजे २२०० मायक्रोसेकंद. पण चार सेकंदांतून एकदाच. सरासरी पुन्हा ३ मायक्रोअँपिअर! सूत्रात कालावधी वर-खाली कटून जातो (ती १६ मायक्रोसेकंदांची सूट सोडली तर) आणि उरतं फक्त पीपीएम गुणिले रिसीव्हरचा करंट. लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते हाच. कनेक्शन इंटरव्हल वाढवला की बाकी सगळे खर्च कमी होतात, हा खर्च जिथल्या तिथे राहतो. म्हणजे नोड जितका काटकसरी बनवाल, तितका एकूण खर्चातला घड्याळाचा वाटा मोठा होत जाणार.

आता २० पीपीएमचा क्रिस्टल लावून बघा. बेरीज ७०, सरासरी ०.३८ मायक्रोअँपिअर. शिवाय डेटाशीटप्रमाणे क्रिस्टल ऑसिलेटर स्वतः ०.२५ मायक्रोअँपिअर घेतो आणि आरसी ०.६. म्हणजे आरसीचा एकूण भार ३.६ च्या आसपास, क्रिस्टलचा ०.६३. फरक सुमारे ३ मायक्रोअँपिअर. आरसीला दर काही सेकंदांनी वेगवान क्रिस्टल चालू करून कॅलिब्रेट करावं लागतं, तो खर्च यात धरलेलाच नाही.

३ मायक्रोअँपिअर म्हणजे किती? सीआर२०३२ सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा. दोन वर्षं म्हणजे १७,५२० तास. भागलं तर सरासरी फक्त १२.६ मायक्रोअँपिअर तुमच्या वाट्याला येतात, त्यात सेन्सर, रेडिओ, प्रोसेसर, सेलची स्वतःची गळती, सगळं बसवायचं. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एक क्रिस्टल वाचवण्यात गेला. सिनॉप्सिसमधलं ते वाक्य इथे डळमळायला लागतं.

पण याची उलट बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय 'क्रिस्टल लावाच' असं म्हणणं बरोबर नाही. तुमचा नोड नुसता बीकन असेल, म्हणजे दर पाच सेकंदांनी तापमान ओरडून सांगतो आणि परत झोपतो, कुणाचं काही ऐकत नाही, तर झोपेचं घड्याळ किती अचूक आहे याला जवळजवळ काही अर्थ नाही. ब्लूटूथच्या जाहिरात पॅकेटांमध्ये तर प्रोटोकॉल स्वतःहून ० ते १० मिलिसेकंदांचा यादृच्छिक उशीर मिसळतो, टकरी टाळण्यासाठी. तिथे पीपीएम मोजत बसणं म्हणजे वरातीत घोड्याचे टाप मोजण्यासारखं. आरसी वापरा, जागा वाचवा. प्रश्न नेहमी असा विचारायचा: माझ्या नोडला ठरल्या वेळी कुणाचं ऐकायचं आहे का?

ऊन, आणि वीस पीपीएमचा अर्थ

डेटाशीटवर मोठ्या अक्षरात ±२० पीपीएम असतं. त्याच्या शेजारी लहान अक्षरात '२५ अंश सेल्सिअसला' असतं. ट्यूनिंग फोर्क क्रिस्टलचा तापमानाचा आलेख म्हणजे उपडा पॅराबोला. २५ अंशांच्या आसपास शिखर, आणि तिथून गरम करा किंवा थंड करा, घड्याळ मागेच पडतं. सूत्र सोपं आहे: उणे ०.०३४ गुणिले (तापमान वजा २५) चा वर्ग. ४५ अंशांना उणे १३.६ पीपीएम. शून्याला उणे २१. ६५ अंशांना उणे ५४.

६५ अंश कुठून आले? विदर्भातल्या मे महिन्यात हवाच ४५ च्या घरात जाते. शेतात खांबावर, थेट उन्हात बंद प्लास्टिकचा डबा लावलात तर आत आणखी वीस अंश चढणं अशक्य नाही. औद्योगिक श्रेणीचे सगळे भाग ८५ अंशांपर्यंत चालतात, त्यामुळे नोड मरणार नाही. फक्त त्याचं घड्याळ ५४ पीपीएमने मागे पडेल.

यातून काय होतं ते आकड्यांनी पाहू, कारण ही चूक शोधायला फार अवघड असते. समजा गेटवे तुम्हीच बनवला आहे. तो खोलीत, २५ अंशांना. गेटवे आणि नोड दोन्हींच्या फर्मवेअरमध्ये 'माझं घड्याळ २० पीपीएमचं' असं लिहिलं आहे, क्रिस्टलच्या वेष्टनावर होतं तसं. बेरीज ४०. नोड उन्हात आहे, त्याची खरी चूक ५४.

एक सेकंदाच्या इंटरव्हलला खिडकी ४० अधिक १६ म्हणजे ५६ मायक्रोसेकंद. खरा फरक ५४. चाललं, अगदी काठावर. आता एखादं पॅकेट हवेत हरवलं, कुणीतरी मध्ये उभं राहिलं म्हणून. पुढची भेट शेवटच्या यशस्वी भेटीपासून दोन सेकंदांनी. खिडकी ८० अधिक १६, म्हणजे ९६. खरा फरक १०८. चुकलं. तिसऱ्या सेकंदाला खिडकी १३६, फरक १६२. अजूनच चुकलं. खिडकी वाढते, पण चूक तिच्यापेक्षा वेगाने वाढते. एकदा हात सुटला की पुन्हा धरता येत नाही; टाइमआउट होऊन कनेक्शन तुटतं, नोड पुन्हा जाहिरात करतो, पुन्हा जोडला जातो आणि मग पुढचं पॅकेट हरवेपर्यंत सगळं सुरळीत.

लॅबमध्ये हे कधीच दिसणार नाही. तिथे तापमान २७ असतं आणि डेमोसाठी इंटरव्हल ३० मिलिसेकंद ठेवलेला असतो. ३० मिलिसेकंदांत ५४ पीपीएमची चूक म्हणजे १.६ मायक्रोसेकंद, ती १६ च्या सुटीत सहज मुरते. शेतात दुपारी बारा ते चार या वेळेत कनेक्शन तुटतं, संध्याकाळी आपोआप बरं होतं, आणि सगळे जण अँटेनाला, पिकाच्या उंचीला नाहीतर पॉवर सप्लायला दोष देतात. तुमच्या फील्ड डेटामध्ये पॅकेट लॉस आणि तापमान यांचा संबंध दिसत असेल तर आधी फर्मवेअरमध्ये घड्याळाची अचूकता काय लिहिली आहे ते उघडून बघा.

मग काय लिहायचं? क्रिस्टलची २५ अंशांची चूक, अधिक तुमच्या खऱ्या तापमानपट्ट्यातली पॅराबोलाची चूक, अधिक जुनेपणाने येणारी चूक (पहिल्या वर्षाला ३ पीपीएमपर्यंत धरतात), अधिक लोड कपॅसिटन्समुळे येणारी, जिच्याकडे आता वळूच. वरच्या उदाहरणात बेरीज ८० च्या पुढे जाते, म्हणून ब्लूटूथच्या यादीतला '७६ ते १००' हा गट निवडायचा. गेटवे ५० चा असेल तर बेरीज १५०, खर्च ०.८१ मायक्रोअँपिअर. आरसीच्या ३ पेक्षा तरीही पुष्कळ कमी, आणि लिंक तुटत नाही.

इथे एक मोह होतो: तापमानाची चूक आतच भरून काढणारा ऑसिलेटर का लावू नये? अशा तयार ३२ किलोहर्ट्झच्या एमईएमएस चिप मिळतात, ±५ पीपीएम, करंट सुमारे १ मायक्रोअँपिअर. हिशोब करा. १०० ऐवजी ५ म्हणजे ९५ पीपीएमची बचत, गुणिले ५.४ मिलिअँपिअर, बरोबर ०.५१ मायक्रोअँपिअर वाचले. आणि ऑसिलेटरने ०.२५ ऐवजी १ घेतला, म्हणजे ०.७५ जास्त गेले. वीज वाचवण्यासाठी घेतलात तर तोटाच. वेळेचे शिक्के अचूक हवे असतील, कंपनं मोजणारे दहा नोड एकमेकांशी जुळवायचे असतील, तर मात्र तोच पर्याय योग्य. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी डीएस३२३१ ही घड्याळ-चिप अचूक आहे, पण तिचा मुख्य पुरवठ्यावरचा स्टँडबाय करंट ११० मायक्रोअँपिअरपर्यंत जाऊ शकतो. १२.६ च्या बजेटात ती बसवायची तर ती तिच्या बॅकअप पिनवर चालवण्यासारख्या वेगळ्या युक्त्या कराव्या लागतात.

(जाता जाता: एमईएमएस ऑसिलेटरना हेलियम मानवत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एका रुग्णालयात एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळला आणि तिथले कित्येक आयफोन काही काळ बंद पडले. आतल्या घड्याळाच्या सूक्ष्म पोकळीत हेलियम शिरला होता. तुमचं काम क्रायोजेनिक्सच्या लॅबमध्ये असेल तर क्वार्ट्झच बरा.)

लोड कपॅसिटन्स

क्रिस्टलच्या डेटाशीटवर लोड कपॅसिटन्सचा एक आकडा असतो: ७, ९, १२.५ पिकोफॅरड. याचा अर्थ, क्रिस्टलला बाहेरून एवढी कपॅसिटन्स दिसली तरच तो छापलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालेल. मग १२.५ चा क्रिस्टल घेतला की दोन्ही बाजूंना १२-१२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावायचे, असं जिथे-तिथे केलेलं दिसतं. ते चुकीचं आहे. क्रिस्टलच्या नजरेतून ते दोन कपॅसिटर ग्राउंडमार्गे एकसरीत आहेत, म्हणजे निम्मे. आणि त्यांच्यासोबत चिपच्या पिनची व तांब्याच्या रेषेची कपॅसिटन्सही मोजायची.

३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचं उदाहरण घेऊ. लोड ८ पिकोफॅरड. प्रत्येक बाजूला एकूण १६ हवेत. पिनचे ४, बोर्डावरच्या रेषेचा अर्धा-एक. उरले ११ ते ११.५. बाजारात सहज मिळतो १२ चा, तोच लावतात. सी-झिरो-जी प्रकारचाच घ्या. एक्स-सेव्हन-आरची किंमत तापमानानुसार सरकते.

चुकलं तर किती फरक पडतो? क्रिस्टलच्या समतुल्य सर्किटमध्ये एक अगदी छोटी 'चल' कपॅसिटन्स असते, काही फेम्टोफॅरडची, आणि दोन टोकांमधली साधी कपॅसिटन्स असते, पिकोफॅरडभर. चल कपॅसिटन्सला (साधी अधिक लोड) च्या वर्गाच्या दुपटीने भागलं की दर पिकोफॅरडला किती सरकणार ते मिळतं. वरच्या क्रिस्टलसाठी २.५ फेम्टोफॅरड आणि १ पिकोफॅरड धरले तर दर पिकोफॅरडला १५ पीपीएम येतात. ब्लूटूथसाठी या चिपच्या डेटाशीटमध्ये वेगवान क्रिस्टलला एकूण ±४० पीपीएमची मुभा आहे. त्यातले १० सुरुवातीच्या चुकीचे, १५ तापमानाचे, ५ जुनेपणाचे गेले, उरले १०. म्हणजे लोडच्या अंदाजात पाऊण पिकोफॅरडही चुकून चालणार नाही. क्रिस्टल चिपपासून दूर नेऊन लांब रेषा काढू नका असं सांगतात त्यामागे हे गणित आहे.

संथ क्रिस्टलमध्ये हाच आकडा एका वेगळ्या पेचात पकडतो. ऑसिलेशन सुरू राहायला ॲम्प्लिफायरचा किमान ट्रान्सकंडक्टन्स किती हवा? चार गुणिले क्रिस्टलचा ईएसआर, गुणिले कोनीय फ्रिक्वेन्सीचा वर्ग, गुणिले (साधी अधिक लोड) चा वर्ग. ७० किलोओहम ईएसआर आणि १ पिकोफॅरड साधी कपॅसिटन्स धरून १२.५ च्या लोडला हा २.१६ मायक्रोअँपिअर प्रति व्होल्ट येतो, ७ च्या लोडला ०.७६. जवळजवळ एक-तृतीयांश. इतक्या कमी करंटला ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स करंटच्या प्रमाणात असतो, म्हणजे करंटही साधारण त्याच प्रमाणात वाचतो. म्हणून कमी वीज खाणाऱ्या चिपांचे उत्पादक ६-७ पिकोफॅरडचे क्रिस्टल सुचवतात. पण सरकण्याचं गणित पुन्हा मांडा (चल कपॅसिटन्स ३ फेम्टोफॅरड): १२.५ ला दर पिकोफॅरडला ८ पीपीएम, ७ ला २३. वीज वाचली, पण बोर्डाच्या डिझाइनमधली प्रत्येक चूक तिप्पट महाग झाली. माझं मत विचाराल तर पहिल्या प्रोटोटाइपला ९ च्या आसपासचा घ्यावा. ७ चा क्रिस्टल ज्यांचा बोर्ड एकदा मोजून झाला आहे त्यांच्यासाठी.

किमान ट्रान्सकंडक्टन्सवर भागत नाही, हे वेगळं सांगायला हवं. एसटी कंपनीच्या ऑसिलेटरवरच्या प्रसिद्ध ॲप्लिकेशन नोटमध्ये चिपचा ट्रान्सकंडक्टन्स या किमान आकड्याच्या पाचपट तरी असावा असं म्हटलं आहे. थंडीत, सेल उतरल्यावर, ईएसआर वाढल्यावरही सुरू व्हायला हवं ना! चिपच्या डेटाशीटमध्ये ईएसआरची कमाल मर्यादा दिलेली असते (इथे संथ क्रिस्टलसाठी १०० किलोओहम). फार छोट्या आकाराचे क्रिस्टल घेताना ती तपासा, कारण क्रिस्टल जितका लहान तितका ईएसआर सहसा जास्त. बोर्डावर जागा असेल तर उगाच सगळ्यात लहान घेऊ नका. हाताने सोल्डर करायचं आहे, हेही विसरू नका.

सुरू व्हायला लागणारा वेळही इथूनच येतो. क्रिस्टलमधलं कंपन वाढायला लागणारा काळ गुणवत्ता गुणकाच्या दुपटीला कोनीय फ्रिक्वेन्सीने भागून येतो. दोन्ही क्रिस्टलचा गुणक काही दहा हजारांत असतो, पण फ्रिक्वेन्सीत हजारपट फरक. त्यामुळे ३२ किलोहर्ट्झला काही दशांश सेकंद ते सेकंदभर लागतो आणि ३२ मेगाहर्ट्झला मिलिसेकंदाच्या आत-बाहेर. संथ क्रिस्टल एकदा सुरू केला की बंद करू नका. वेगवान दर वेळी उठवायचा असतो. सेकंदाला एकदा उठत असाल तर तो खर्च किरकोळ, सेकंदाला शंभरदा असेल तर मोजा.

ब्लूटूथच्या बाहेर असाल तर थोडक्यात दोन गोष्टी. लोरा वापरणाऱ्यांसाठी: आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा परवान्याविना पट्टा आहे. दोन्ही बाजूंना २०-२० पीपीएमचे क्रिस्टल म्हणजे ८६६ वर ३४.६ किलोहर्ट्झचा संभाव्य फरक. १२५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थला साधारण चौथाई, म्हणजे ३१ किलोहर्ट्झपर्यंत, चालतो. म्हणजे वीसचे दोन क्रिस्टल वाईट दिवशी भेटले तर बोलणारच नाहीत. १० चे घ्या, आणि बँडविड्थ याहून अरुंद करणार असाल तर टीसीएक्सओ लावा. टाइम-स्लॉट पद्धतीच्या ८०२.१५.४ जाळ्यांसाठी: १ मिलिसेकंदाची गार्ड आणि दोन २० पीपीएमचे नोड म्हणजे २५ सेकंदांच्या आत पुन्हा वेळ जुळवायलाच हवी. अशा जाळ्यात पॅराबोला फर्मवेअरमध्ये वजा करता येतो, चिपमधला तापमान सेन्सर वापरून. किंवा संथ घड्याळ वेगवान घड्याळाने मोजता येतं: ३२ मेगाहर्ट्झची एक टिक ३१ नॅनोसेकंदांची, म्हणजे १ पीपीएम दिसायला ३१ मिलिसेकंद मोजावं लागेल. त्या वेळेत अर्धा मिलिअँपिअर धरला तरी मिनिटातून एकदा मोजण्याचा सरासरी खर्च ०.२६ मायक्रोअँपिअर. कोणत्या तापमानबदलाला किती वेळा मोजावं, यावर एम.एस्सी.चा एक चांगला प्रोजेक्ट होतो.

मोजताना

क्रिस्टलच्या पिनला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावू नका. साध्या प्रोबची कपॅसिटन्स दहा-बारा पिकोफॅरड असते. संथ क्रिस्टल एक तर बंद पडेल, नाहीतर भलतीच फ्रिक्वेन्सी दाखवेल, आणि तुम्ही मोजलेली चूक क्रिस्टलची नसून प्रोबची असेल. त्याऐवजी टायमरने घड्याळ भागून एखाद्या मोकळ्या पिनवर बाहेर काढा आणि ते फ्रिक्वेन्सी काउंटरने मोजा. काउंटरचं स्वतःचं घड्याळ किती पीपीएमचं आहे तेही बघा. नसेल भरवसा तर जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला एक येणारा पल्स हा स्वस्तातला उत्तम संदर्भ. वेगवान क्रिस्टलसाठी रेडिओला मॉड्युलेशनशिवाय नुसती लहर पाठवायला लावा आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर बघा. २४४० मेगाहर्ट्झवर २४.४ किलोहर्ट्झ सरकलं म्हणजे १० पीपीएम.

सुरू होण्याची खात्री करायची असेल तर क्रिस्टलला एकसरीत रेझिस्टर लावून तो वाढवत जा. ईएसआरच्या पाचपट होईपर्यंत ऑसिलेटर सुरू होत असेल तर निश्चिंत राहा. ब्रेडबोर्डवर हे प्रयोग करू नका, तिथल्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड असतात.

आणि पावसाळा. ३२ किलोहर्ट्झच्या सर्किटमधला बायस रेझिस्टर मेगाओहमांत असतो. क्रिस्टलच्या पायांमध्ये फ्लक्स राहिला आणि त्यावर कोकणातली जुलैची दमट हवा बसली तर तिथली गळतीही मेगाओहमांत येते आणि ऑसिलेटर थांबतो. बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ब्रशने धुवा. अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये टाकू नका. त्याची कंपनं ट्यूनिंग फोर्कच्या फ्रिक्वेन्सीच्या जवळपास असतात आणि आतला चिमटा मोडू शकतो. धुतल्यावर कोटिंग करा, आणि कोटिंग केल्यावर फ्रिक्वेन्सी पुन्हा मोजा, कारण कोटिंगचीही थोडी कपॅसिटन्स असते. खोलीच्या तापमानाला एकदा, फ्रीजमधून काढून एकदा, आणि ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये एकदा. तीन बिंदूंमधून तुमच्या स्वतःच्या क्रिस्टलचा पॅराबोला काढता येतो, आणि फर्मवेअरमध्ये लिहायचा आकडा त्यावरून घ्यायचा.